तेरा ग्रॅम युरिया

पिंगळी हे परभणी तालुक्यातलं गाव. परभणीहून पूर्णेकडे रेल्वेनं निघालं की वाटेत त्याचं छोटंसं स्टेशन लागतं आणि रुळांच्या दोन्ही अंगांना दिसते ती काळी, भारी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. खरिपात सोयाबीन आणि कापूस, रब्बीत ज्वारी आणि हरभरा, आणि ज्याच्या विहिरीला किंवा बोअरला पाणी टिकलंय त्याच्या रानात गहू. बहुतेकांचा घरच्या खाण्यापुरता, उरला तर विकायचा. पण या तेवढ्याशा रानात पेरणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत जे घडतं, ते कळल्यापासून मला गव्हाकडे नुसतं पीक म्हणून बघता येत नाही.

आधी थोडा हिशेब. बागायती गव्हाला वेळेवर पेरणी असेल तर हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आपल्याकडे रुळलेली आहे. नत्राचं अर्धं माप पेरताना आणि उरलेलं अर्धं साधारण एकविसाव्या दिवशी, खुरपणी झाल्यावर, पाण्याच्या तोंडावर. हेक्टरी ६० किलो नत्र म्हटलं की आकडा मोठा वाटतो. एका चौरस मीटरवर आणला तर तो होतो सहा ग्रॅम. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे युरिया तेरा ग्रॅम. एकराला पंचेचाळीस किलोचं एक पोतं आणि वर सात-आठ किलो. त्याच चौरस मीटरवर, हेक्टरी शंभर किलो बियाणं धरलं तर, अडीचशेच्या आसपास गव्हाचे दाणे पडलेले असतात. सगळे उगवले असं मानलं तर त्या दुसऱ्या हप्त्यातून एका रोपाच्या वाट्याला चोवीस मिलिग्रॅम नत्र येतं.

आता मान वर करा. त्याच एका चौरस मीटरवर जमिनीपासून आभाळाच्या टोकापर्यंत हवेचा जो स्तंभ उभा आहे, त्यात नत्र आहे साडेसात टनांच्या आसपास. खाली सहा ग्रॅमसाठी झुंज आणि डोक्यावर टनांनी भांडार! या भांडारातलं नत्र जोडीजोडीनं असतं. दोन अणू तीन बंधांनी एकमेकांना असे जखडलेले की गव्हाच्या मुळाला ते सोडवणं अशक्य. सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू ते काम जमिनीतल्या साध्या तापमानाला करतात. माणसाला ते जमायला १९०९ साल उजाडावं लागलं, तेव्हा जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं प्रयोगशाळेत हवेतल्या नत्राचा अमोनिया केला. कार्ल बॉशनं ते कारखान्याच्या मापाचं केलं आणि १९१३ मध्ये ओपाऊला पहिला कारखाना सुरू झाला. प्रचंड दाब, चारशे-पाचशे अंश उष्णता आणि लोखंडाचा उत्प्रेरक. आपल्या अलिबागजवळच्या थळला आणि मुंबईत तुर्भ्याला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने याच रीतीनं अमोनिया करतात आणि त्यापासून युरिया. म्हणजे पिंगळीच्या रानात मुठीनं फेकलेल्या त्या पांढऱ्या दाण्यांत हवा आहे, नैसर्गिक वायू आहे आणि शंभर वर्षांमागचं रसायनशास्त्रही आहे.

एवढा खटाटोप करून आणलेलं हे नत्र जमिनीवर पडतं तेव्हा ते कुणासाठी आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सगळी गोष्ट इथून सुरू होते.

एकविसाव्या दिवसाचं गव्हाचं एक रोप हलक्या हातानं, मातीसकट उपटून पाहा. खाली पेरलेल्या दाण्याचं सुकलेलं टरफल दिसेल आणि त्याच्यापासून निघालेली पाच-सहा बारीक मुळं. ही बीजमुळं. त्यांनी आतापर्यंत रोप जगवलं. पण जमिनीच्या पृष्ठभागाखाली, बोटाच्या एका पेराच्या आत, खोडावर एक छोटी गाठ असते आणि तिच्यातून जाड, पांढरीशुभ्र, अजून मातीचा रंग न लागलेली दुसरी मुळं बाहेर डोकावत असतात. ही मुकुटमुळं. इथून पुढं गव्हाचं बहुतेक सगळं खाणंपिणं यांच्यावर चालायचं. याच गाठीच्या आसपास पानांच्या बगलेत फुटव्यांचे डोळे असतात. फुटवा फुटणार की डोळा तसाच मिटणार, याचा निकाल याच दिवसांत लागतो, आणि तो ठरतो तीन गोष्टींवर: ओल, नत्र आणि उजेड. ‘गव्हाला एकवेळ बाकीचं पाणी चुकलं तरी चालेल, पण मुकुटमुळांचं पाणी चुकू देऊ नका’ असं कृषी विद्यापीठाची माणसं का सांगतात, ते ही पांढरी मुळं पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

आता दोन ओळींच्या मधे बघा. परभणीच्या पट्ट्यात रब्बीत तिथं हमखास भेटतो चंदनबटवा. ताकातली भाजी करतो तो चाकवत, तीच ही वनस्पती. त्याची बीजपानं खालून जांभळट असतात आणि कोवळ्या पानांवर पिठूळ भुकटी असते. बोटाला लागते ती. ती भुकटी म्हणजे पाण्यानं भरलेल्या सूक्ष्म पिशव्यांसारखे केस. शिवाय हराळी असते, लव्हाळा असतो आणि बांधावरून आत सरकलेलं गाजरगवत. आयात धान्याबरोबर आपल्या देशात आल्याचं मानलं जाणारं आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत आज मराठवाड्याचा एकही बांध सोडत नाही. पण गव्हाच्या दृष्टीनं मला सगळ्यात थरारक वाटतो तो चंदनबटवाच.

त्याचं एक झाड हजारोंनी, चांगलं पोसलं तर दहा हजारांनी बी टाकतं. हे बी काळ्या मातीत खोलवर वर्षानुवर्षं पडून राहतं, मरत नाही. ते उगवण्यासाठी कशाची वाट पाहतं? शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत याचा छडा लावला आहे. त्याला दोन खुणा हव्या असतात. एक, उजेडाचा स्पर्श, तोही क्षणभर पुरतो. वखर फिरला, माती उलटली, बी एकदा उन्हाला दिसलं आणि पुन्हा गाडलं गेलं तरी त्याला कळतं की वर माती हलली आहे. आणि दुसरी खूण म्हणजे नायट्रेट. आजूबाजूच्या ओलाव्यात नायट्रेट वाढलं की या बियांची झोप मोडण्याची शक्यता वाढते. विचार करा, त्यामागे किती शहाणपण आहे! जिथं दाट झाडोरा आहे तिथं मातीतलं नायट्रेट मुळांनी शोषून संपवलेलं असतं. नायट्रेट शिल्लक आहे याचा अर्थ जागा रिकामी आहे. हजारो वर्षांत कमावलेला हा अंदाज. आपण पेरणीपूर्वी रान उलटतो आणि पेरताना नत्र देतो, तेव्हा या दोन्ही खुणा आपणच एकाच वेळी त्या बीपर्यंत पोचवतो.

युरिया मुळाला जशाचा तसा फारसा उपयोगी पडत नाही. मातीत युरिएज नावाचं विकर असतं, ते दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया करतं. आमच्या काळ्या जमिनी अल्कधर्मी, त्यामुळे युरिया कोरड्या पृष्ठभागावर उघडा पडला तर यातला बराच अमोनिया वाऱ्यावर उडून जातो. पाण्याच्या तोंडावर द्यायचा तो यासाठी, की पाणी त्याला खाली घेऊन जातं. मातीत उतरलेला अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतो. मग जिवाणूंच्या दोन टोळ्या कामाला लागतात. पहिली त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्रेट. नायट्रेट मातीला धरून राहत नाही. ते पाण्याबरोबर हिंडतं आणि ज्याचं मूळ वाटेत असेल त्याच्या तोंडी पडतं. पंगत मांडलेली आहे आणि वाढपी ताटावरचं नाव वाचत नाही.

मग जास्त कोण जेवतं? कॅनडात लेथब्रिजच्या रॉबर्ट ब्लॅकशॉ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गहू, मोहरीवर्गातलं कॅनोला आणि तेवीस प्रकारची तणं कुंड्यांत वाढवली, नत्राची मात्रा पायरीपायरीनं वाढवत नेली आणि कोण किती वाढतं ते मोजलं. कितीतरी तणांनी वाढीव नत्राला गव्हापेक्षा जोरदार प्रतिसाद दिला. त्याआधी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांत आणखी धक्का देणारी गोष्ट दिसली होती. रानओट दाट माजलेल्या गव्हाला नत्र वाढवून दिलं, तर गव्हाचं उत्पन्न वाढायच्या ऐवजी घटलं. म्हणजे खत घातलं म्हणून पीक कमी आलं! तणानं नत्र उचललं, उंच झालं, गव्हाच्या डोक्यावर सावली धरली, आणि सावलीतल्या गव्हाला मिळालेलं नत्रही धड वापरता येईना.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खताच्या पोत्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. आपण म्हणतो, पोत्यात पिकाचं अन्न आहे. खरं तर पोत्यात नुसती ताकद आहे आणि ती ज्याच्या हाती लागेल त्याची.

याची सगळ्यात जुनी साक्ष इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला आहे. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गहू घेतात आणि एका पट्ट्याला तेव्हापासून आजपर्यंत कसलंही खत दिलेलं नाही. तिथं हेक्टरी टनभर गहू अजूनही येतो, हे एक नवलच. त्या शेताचा एक भाग असा राखला आहे की जिथं तणनाशक कधीच मारलेलं नाही. त्या भागात खतांच्या पट्ट्यांवरून चालत गेलं तर पायाखालची तणं बदलत जातात. जिथं नत्र अजिबात नाही तिथं शेंगवर्गीय तणं जोरात, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठी त्यांना हवेतून नत्र मिळवून देतात. जिथं नत्राचा भडिमार आहे तिथं तणांच्या जाती कमी, पण ज्या आहेत त्या नत्रखाऊ. एकच माती, एकच पाऊस, एकच गहू. खताच्या हातानं तणांची आख्खी वस्ती बदललेली.

चंदनबटवा गव्हाच्या शेजारी उगवला की स्पर्धा कधी सुरू होते? मला वाटायचं, सावली पडल्यावर. १९९० मध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस बयारे आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात दाखवलं की ती त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. हिरवं पान लाल उजेड गिळतं आणि लालाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळपास न दिसणारा अतिलाल उजेड परत फेकतं. शेजाऱ्याच्या पानावरून उडालेला हा अतिलाल उजेड रोपाच्या खोडाला लागतो आणि त्याला कळतं की बाजूला कुणीतरी आहे. अजून सावलीचा ठिपकासुद्धा पडलेला नसतो. बयारेंनी काही रोपांच्या खोडांभोवती अतिलाल उजेड शोषणारं द्रावण भरलेल्या काचेच्या कड्या बसवल्या. त्या रोपांना शेजाऱ्यांची चाहूलच लागली नाही, आणि ती बाकीच्यांसारखी उंच धावली नाहीत. गव्हातही ही संवेदना आहे. तण दाट असेल तर गहू फुटवे आवरता घेतो. म्हणजे एकविसाव्या दिवशी मुकुटाच्या गाठीवरचे डोळे उघडायचे की नाही, या निर्णयात शेजारच्या चंदनबटव्याचं मत घेतलं जातं.

आपला हिवाळा आखूड. पंजाबातल्या गव्हाला थंडी अधिक काळ मिळते. परभणीच्या गव्हाला एकशे दहा ते एकशे वीस दिवसांत सगळं आटपायचं असतं, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन दाणा भरू देत नाही. पहिल्या तीस-पस्तीस दिवसांत गेलेला फुटवा नंतर भरून निघत नाही. गव्हाच्या तणस्पर्धेचा निर्णायक काळ साधारण पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांचा मानतात तो याच कारणानं. त्यानंतर गहू ओळी झाकून घेतो आणि खाली उगवणाऱ्याला स्वतःच सावलीत ठेवतो. पेरा वेळेवर हवा, बियाणं दाट हवं, ओळी जवळ हव्यात, या सगळ्या सल्ल्यांचा अर्थ एकच: गव्हानं जमीन आधी झाकली पाहिजे.

इथं आठवतो तो आमचा जुना उंच गहू. मराठवाड्यात कोरडवाहू रानात बन्सी व्हायचा, छातीला लागेल असा. त्याला जास्त नत्र दिलं तर तो लोळायचा. पण त्याच्या उंचीखाली तणाची फारशी मिजास चालत नसे. जपानच्या नोरिन-१० या गव्हाकडून ठेंगणेपणाचे जनुक घेऊन नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वाणं तयार केली आणि १९६६ मध्ये भारतानं तिथून अठरा हजार टन बियाणं आणलं. हा गहू नत्र पचवतो, लोळत नाही, आणि देशाची भूक त्यानं भागवली. त्याचं मोल मी तसूभरही कमी मानत नाही. पण गहू ठेंगणा झाला, त्याला खत आणि पाणी भरपूर मिळू लागलं, आणि हरियाणा-पंजाबात गव्हासारखंच दिसणारं फॅलॅरिस मायनर, तिकडचा गुल्ली डंडा, माजला. रोपपणी तो गव्हातून ओळखायचा तर खोडाच्या बुडाची लालसर झाक बघावी लागते. त्याच्यावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षं मारलं गेलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात त्याला दाद न देणारा गुल्ली डंडा तयार झाला. पिकासारखं दिसून खुरप्यातून सुटायचं, ही तणांची फार जुनी युक्ती. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी तर दाखवून दिलं की राय हे धान्य मुळात गव्हातलं तण होतं. गव्हाच्या आडोशानं निवडलं जाता जाता ते स्वतःच पीक झालं.

नुकसान किती? जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातल्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या शेतांवरचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये अंदाज मांडला: तणांमुळे सोयाबीनचं ३१.४ टक्के आणि गव्हाचं १८.६ टक्के उत्पन्न जातं. पिंगळीच्या शेतकऱ्याला दोन्ही आकडे लागू, कारण तो दोन्ही पिकं घेतो. त्या चौरस मीटरवर उतरून बघा. बारा टक्के प्रथिनांच्या गव्हाच्या दाण्यात नत्र असतं दोन टक्क्यांहून थोडं जास्त. सहा ग्रॅमच्या दुसऱ्या हप्त्यातलं दोन ग्रॅम नत्र तणानं उचललं, तर पंचाण्णव ग्रॅम दाण्यात बसलं असतं एवढं नत्र गेलं. हेक्टरी हिशेब केला तर साडेनऊ क्विंटल गव्हात मावणारं. सगळं नुकसान असं थेट होत नाही, हे खरं. नत्राला इतरही वाटा फुटतात. जगभरात धान्यपिकांना दिलेल्या नत्रातलं जेमतेम एक तृतीयांश दाण्यात पोचतं, असा १९९९ चा एक प्रसिद्ध अंदाज आहे. पण इतकी गळती असताना तणाचा वाटा आपण हातानं रोखू शकतो, म्हणूनच तो महत्त्वाचा.

रोखायचे काही मार्ग तर इतके सुंदर आहेत की ते ऐकून मला आनंद होतो. पेरणीआधी रान ओलवायचं, वापसा येऊ द्यायचा, तणाला हौसेनं उगवू द्यायचं आणि मग हलकी वखरपाळी देऊन ते मोडायचं, आणि त्यावर गहू पेरायचा. वरच्या थरातल्या कितीतरी बियांची फौज अशी लढाईआधीच खर्ची पडते. खत फोकून देण्याऐवजी बियाच्या ओळीजवळ, मातीआड पेरून दिलं तर ते आधी गव्हाच्या मुळांना सापडतं. दोन ओळींमधल्या तणाला दूरवर शोधावं लागतं. पाभरीनं खत-बी एकत्र पेरण्यात ही जमेची बाजू आहे. आणि ओळींची दिशा! पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅथरीन बोर्जर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की गव्हाच्या ओळी पूर्व-पश्चिम ठेवल्या तर तणांचं वजन जवळपास निम्म्यावर आलं. परभणी साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर. अशा उन्हात सावली जवळजवळ उंचीएवढी पडते. वीतभर गव्हाची सावली पूर्व-पश्चिम ओळीत थेट पुढच्या वीतभर मोकळ्या पट्ट्यावर येते, नेमकी तणाच्या डोक्यावर.

आणि सगळ्यात जुनं साधन म्हणजे खुरपं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं, १९७२ पासून, वाणं दिली, मात्रा ठरवल्या, तणनाशकांच्या शिफारशी दिल्या. त्या सगळ्यांचा फायदा दाण्यापर्यंत पोचवतात त्या ओळीत उकिडव्या बसून खुरपणाऱ्या बाया. गव्हाचं पान कुठलं आणि गवताचं कुठलं, हे त्या बोटांनी ओळखतात, नजर टाकायच्या आत. एकविसाव्या दिवशी त्यांनी उपटलेला प्रत्येक चंदनबटवा म्हणजे गव्हाकडे वळवलेलं नत्र. खतव्यवस्थापन असं ज्याला पुस्तकात म्हणतात, त्याचा मोठा हिस्सा शेतात या बाया करतात, आणि त्यांची मजुरी मात्र आपण ‘निंदणीचा खर्च’ म्हणून वजाबाकीत लिहितो. तो खताच्या खात्यात, युरियाच्या शेजारी लिहायला हवा.

यंदा नोव्हेंबरात गहू पेरणार असाल तर युरियाचं दुसरं पोतं घरात आणण्याआधी खुरपणीच्या बायांशी बोलून दिवस ठरवा. बाया वेळेवर मिळाल्या नाहीत तर हप्ता तीन-चार दिवस पुढं ढकलला तरी फार बिघडत नाही. तण उभं असताना मात्र तो देऊ नका.